बिनानंबराची झाडं

आमच्या घरी केरसुणी कधी विकत आणावी लागली नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी धुरपामाय डोक्यावर भारा घेऊन यायची, ओट्याखाली उभी राहून "लक्षुमी आली, घ्या माय" अशी हाक द्यायची आणि अव्वा सुपात जोंधळे घेऊन बाहेर जायची. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर जळकोटच्या बाजूचं, तिथं घरात कानडी चालायची, म्हणून आम्ही भावंडं तिला अव्वाच म्हणायचो. सुपातले जोंधळे धुरपामायच्या पदरात पडायचे आणि ओल्या पानाचा वास असलेली हिरवट-पिवळी केरसुणी अव्वाच्या हातात यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हळदकुंकू लागायचं, तिच्यापुढं लाह्या-बत्तासे ठेवले जायचे, आणि पाडव्याच्या सकाळी अव्वा तिनं अंगण झाडायला घ्यायची. नव्या केरसुणीचा तो खर्र खर्र आवाज अंथरुणात ऐकू आला की डोळे न उघडताही दिवाळी कळायची. आता माझी सून प्लास्टिकच्या मुठीचा झाडू पुजते. त्याला आवाज नाही. मी त्याच्यापुढं हात जोडतो तेव्हा नातवंडांना वाटतं, आजोबा फार देवभोळे आहेत.

आमचं गाव येडशीपासून चार कोसांवर. घराच्या पुढच्या सोप्यात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, दुकान होतं. मीठ, गूळ, रॉकेल, काथ्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, असं सगळं त्यात असायचं. बार्शीहून माल छोट्या रेल्वेगाडीनं येडशीला उतरायचा आणि तिथून बैलगाडीनं यायचा. आप्पा अंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून गादीवर बसले की दुपारच्या जेवणापर्यंत उठायचे नाहीत. त्यांना कंजूष म्हणता येणार नाही. दारात आलेला जंगम कधी उपाशी गेला नाही, सणावाराला गड्यांच्या पोरांना गव्हाची गोड हुग्गी पोटभर मिळायची. पण रिकामी जागा त्यांना सोसायची नाही. दोन पोत्यांच्या मध्ये वीतभर फट राहिली तर ते तिथं काथ्याची गुंडाळी सरकवायचे. आमच्या शेताचा बांध दर नांगरटीला एका फाळानं बारीक व्हायचा. शेजारी कुरकुरला तर आप्पा म्हणायचे, "अरे बाबा, तिथं गवतच उगवत हुतं की. गवताला काय करतूस?" हा स्वभाव माझ्यात उतरला आहे हे मला फार उशिरा कळलं. सगळं आप्पांवर ढकलण्यासाठी मी हे लिहीत नाही.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा होता आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना शिंदीचं बन. जागा सरकारी, पडीक. झाडं कुणी लावलेली नव्हती. उन्हाळ्यात पिवळ्याधमक शिंदोळ्यांचे घोस लटकायचे, त्या खाऊन जिभेला चरचरी यायची, तरी आम्ही खात राहायचो. झावळ्यांच्या टोकांना सुगरणींचे खोपे लोंबायचे आणि संध्याकाळी सगळं बन त्या पाखरांच्या कालव्यानं हालतंय असं वाटायचं. बनाच्या सावलीत, ओढ्याच्या वाळूत एक झिरा होता. वाळू हातानं उकरून केलेला खड्डा, त्यात तळाशी वाटीभर पाणी. वाटी भरून घ्यायची, घागरीत ओतायची, तोवर पुन्हा वाटीभर. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जायच्या तेव्हा सगळं गाव या झिऱ्यावर यायचं. बाया रांगेत बसून एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. पाणी हळू यायचं, म्हणून बोलणंही भरपूर व्हायचं.

या बनाचे दोन वाटेकरी होते. एक शिंदीवाला. निजामाच्या राज्यात शिंदीचं झाड म्हणजे सरकारी उत्पन्न. आबकारीचा माणूस यायचा, ज्या झाडांचा रस, म्हणजे प्यायची शिंदी, काढायची त्यांच्या बुंध्यावर डांबरानं उर्दूत आकडे टाकायचा आणि तेवढीच झाडं ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला मिळायची. गुत्तेदाराची माणसं शेंड्याखाली खाच पाडून गाडगं बांधायची. एका साली एका अंगाला, पुढच्या साली दुसऱ्या अंगाला. त्या खाचा झाडावर पायऱ्यांसारख्या राहतात.

दुसरी वाटेकरी धुरपामाय. मातंग वस्तीतली, कपाळावर गोंदण, पाठीत किंचित वाकलेली. विधवा होती, एक लेक आणि सून. सगळ्या गावाच्या केरसुण्या, चटया, धान्य पाखडताना अंथरायचे तरट, हे तिच्या घरचं काम. वयानं ती माझ्या आजीएवढी, पण मी तिला अगंतुगं करायचो आणि ती मला "धाकले मालक" म्हणायची. तेव्हा त्यात कुणालाच काही वाटत नव्हतं.

पानं कापताना मी तिला पुष्कळदा पाहिलं आहे. बाहेरच्या झावळ्या ती कोयत्यानं उतरवायची, पण मधल्या तीन कोवळ्या, अजून न उघडलेल्या, सुईसारख्या सरळ उभ्या असायच्या, त्यांना ती एका पट्टीनं सैल गाठ मारून ठेवायची. म्हणजे चुकूनही कुणाचा कोयता लागू नये. मी एकदा विचारलं, "त्या कशाला बांधतीस? त्याच तर मऊ हायत."

"मऊ हायत म्हणूनच की, मालक. तेवढ्या झाडाच्या. त्यास्नी हात लावला की झाड बसतंय, मरतंय."

आणि ती नंबरच्या झाडाचं पान कधीच घ्यायची नाही. म्हणायची, "त्याचं रगत काढाया लागल्यात. वरनं आमी त्याचे केस कापावं व्हय?" म्हणजे बनाची वाटणीच झालेली होती. नंबरची झाडं गुत्तेदाराची, बिनानंबराची धुरपामायची. ही वाटणी कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडतही नव्हती.

मी उस्मानाबादला मावशीकडं राहून मिडलपर्यंत शिकलो. शिक्षण उर्दूतून. त्यामुळे गावात उर्दू वाचता येणारा मी एकटा. तहसिलीचा कागद आला की तो माझ्या हातात यायचा आणि मी वाचेपर्यंत मोठी माणसं गप्प बसायची. सतरा वर्षांच्या पोराला याची चटक लागते. मलाही लागली.

शिक्षण सोडून गावी आलो आणि त्याच पावसाळ्यानंतर चळवळीचं वारं आमच्याकडंही आलं. हद्दीपलीकडून, बार्शीच्या बाजूनं, निरोप यायचे. निजामाचं उत्पन्न बुडवायचं, त्यासाठी शिंदीची झाडं तोडायची, असा एक कार्यक्रम ठिकठिकाणी चालला होता. आमच्या गावात दत्तू नावाचा माझा मित्र पुढं झाला. दत्तू सुताराचा मुलगा, छातीनं भरलेला, खोटं त्याला बोलताच यायचं नाही. त्यानं आम्हा दहा-बारा पोरांना देवळामागं बसवून निरोप सांगितला: नंबरची झाडं तेवढी तोडायची. बाकीच्या झाडांना हात लावायचा नाही, ती गावाची. "आपुन सरकारचं नुसकान कराया निघालोत, गावाचं न्हाय," हे त्याचेच शब्द. मी आजही ते जसेच्या तसे लिहू शकतो, कारण ते मी पुढं मोडले.

घरी जेवताना मी आप्पांना सांगितलं. शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आप्पा सावकाश घास चावत होते.

"नंबरची किती हायत?" त्यांनी विचारलं.

"एकतीस. म्या बघून आलोय."

"आन् बिनानंबराची?"

"तेवढीच, थोडी जास्तीच."

आप्पांनी पाणी घेतलं. "एक आड एक झाड ऱ्हाणार म्हंजी. ती गाळाची जमीन हाय, सिद्राम. काळी, मऊ. ऊस नुसता बोट लावलं तर येईल. पर मधी मधी झाडं ऱ्हायली तर औत कसं फिरवायचं?" मग थोड्या वेळानं, ताटाकडं बघत म्हणाले, "मोकळी झाली असती तर तुझ्या नावानं लावून घेतली असती म्या. तुझं तुला एक रान झालं असतं."

अव्वा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "झिऱ्याचं काय हुईल?"

"झिरा वाळूत असतो, झाडात न्हाय," आप्पा म्हणाले. विषय तिथं संपला.

माझ्या डोक्यात मात्र तो ऊस उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मागच्या दाराशी डांबराचा डबा ठेवलेला होता आणि त्यावर काथ्याचा कुंचला. तो डबा एरवी आत, रॉकेलच्या पिंपाशेजारी असायचा. आप्पांनी तो बाहेर का ठेवला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. मी तो उचलला. हे मात्र मीच केलं.

भर दुपार होती. शिंदीवाले वरच्या आंब्याखाली झोपलेले. सुगरणी तेवढ्या चिवचिवत होत्या. आबकारीचा शेवटचा आकडा एकतीस होता, मी बत्तीसपासून सुरू केलं. माझं अक्षर चांगलं होतं, मास्तरांची शाबासकी मिळालेलं. आबकारीवाल्याच्या आकड्यांचं वळण बघून बघून मी तसेच आकडे काढले. पहिल्या दोन-तीन झाडांवर मागं वळून बघत बघत लिहिलं. नंतर हात सरावला, आणि खरं सांगायचं तर मजा वाटू लागली. एका झाडाच्या शेंड्यात धुरपामायनं बांधलेली पट्टीची गाठ दिसली. त्या झाडावर मी एकेचाळीस लिहिलं.

घरी आलो तेव्हा बोटांना आणि सदऱ्याच्या बाहीला डांबर लागलेलं होतं. अव्वानं रॉकेलच्या चिंधीनं माझी बोटं पुसली. सदरा तिनं दोनदा धुतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. कुऱ्हाडी होत्या, घोषणा होत्या, दत्तूच्या खांद्यावर झेंडा होता. पहिली काही झाडं पडली तेव्हा अंगावर काटा आला, हे खोटं नाही. गाडगी फुटली, शिंदी वाळूत सांडली, आंबूस वास सगळीकडं पसरला. पोरांना वाचता येत नव्हतं, त्यांना डांबर दिसलं की पुरे होतं. पण दत्तूचं लक्ष होतं. एका झाडाशी तो थांबला.

"सिद्रू, हे तर कोरं हाय. खाच कुठं हाय ह्याला?"

उत्तर मी आधीच तयार करून ठेवलं होतं. "पुढल्या सालचं हाय. लिलाव आधीच झालाय, म्हणून नंबर टाकून ठिवलाय."

दत्तूनं मान हलवली. मी सांगितलेलं त्याला खरंच वाटायचं.

झाडं पडल्याचा आवाज ऐकून धुरपामाय आली. हातात कोयता, कमरेला पदर खोचलेला. ती नंबरच्या पडलेल्या झाडांमधून चालत आली. पण एकेचाळीसच्या झाडापाशी कुऱ्हाड उचललेली पाहून तिनं जाऊन बुंध्याला पाठ लावली.

"हे न्हाय. हे माझं हाय. ह्या झाडावर नंबर न्हवता."

"हाय की, माय. हे बघ की डांबर," दत्तू म्हणाला.

"आंधळी न्हाय म्या. आता हाय. परवा न्हवता. म्या रोज हात लावती ह्याला." ती माझ्याकडं वळली. पोरं बाजूला झाली. "धाकले मालक, तुमाला वाचता येतंय. तुमी सांगा. काय लिवलंय आन् कुनी लिवलंय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुढं झालो, बुंध्यावर वाकलो, जणू पहिल्यांदाच वाचतोय, आणि म्हणालो, "एकेचाळीस. आबकारीचा हाय."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. रॉकेलनं पुसूनही नखांच्या कडेला काळं राहिलेलं होतं. मी हात पाठीमागं घेतले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी सरकारची दिसतीया. गुत्तेदाराचं मीठ खाल्लंय." पोरं हसली. मीही हसलो. मी तिथं एक शब्द बोललो असतो, नुसतं "गप रे" म्हणालो असतो, तरी पुढचं पुष्कळ टळलं असतं.

धुरपामाय झाडापासून बाजूला झाली. "तुमी शिकलेले, मालक," एवढंच म्हणाली. तिनं कोयता खाली वाळूत ठेवला आणि ते झाड पडेपर्यंत तिथंच उभी राहिली.

शिंदीचं झाड पडलं की शेंड्यात पांढरा गाभा असतो. नारळासारखा कुरकुरीत, गोड, मागून जराशी तुरट चव. मधल्या त्या तीन सुयांच्या मुळाशी तो असतो. त्या दिवशी आम्ही पोटभर गाभा खाल्ला. त्याची बातमी गावात गेली. दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नसताना गाव आलं. म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या बाया, सगळे विळे-कुऱ्हाडी घेऊन. कुणाला पन्हळीला बुंधे पाहिजे होते, कुणाला छपराला, कुणाला नुसता गाभा. नंबर आहे की नाही हे आता कुणी बघत नव्हतं. कमरेएवढी रोपंसुद्धा गाभ्यासाठी चिरली. तळहाताएवढा गाभा निघायचा, तोही पोरं हिसकावून घ्यायची. दोघा भावांनी एका बुंध्यावरून एकमेकांची डोकी फोडली. येडशीच्या बाजाराला गाभ्याच्या पाट्या गेल्या. दत्तू ओरडत फिरत होता, "आरं, ही न्हायत, ही ठिवा," पण त्याचं कोण ऐकणार? मी त्याला म्हणालो, "जाऊ दे रे, लोकांस्नी बी काय तरी मिळू दे." खाली पडलेल्या खोप्यांत पिल्लं होती. चौथ्या दिवशी आमच्या शेतातून ओढ्याचं पाणी सरळ दिसू लागलं. आप्पा बांधावर उभे राहून ते बघत होते. रिकामी जागा होती, आणि ती भरायची होती.

आठवड्यानं पोलीस आले आणि दत्तूला घेऊन गेले. मारतच नेलं. फिर्याद गुत्तेदारानं दिली होती. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याचा माणूस आमच्याच दुकानात गूळ घेताना आप्पांना सांगत होता आणि मी आतून ऐकत होतो. पण गावात बोललं जाऊ लागलं की धुरपामायनं खबर दिली. झाडाला पाठ लावून उभी राहिली होती, दुसरं कोण असणार? मला तीन-चार जणांनी विचारलं. मी म्हणालो, "असंल बी." दोनच शब्द. मी खरं सांगितलं असतं तर लोकांनी पुन्हा झाडांचा विषय काढला असता, झाडांचा निघाला असता तर नंबरचा निघाला असता. मला त्या रानाची आशा सुटत नव्हती.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गावात केरसुणी नव्हती. पानंच नव्हती. शिवाय धुरपामायला दारात उभं करायचं नाही असं गावानं ठरवलेलं. सकाळी दहाच्या सुमाराला ती आमच्या ओट्याखाली आली. डोक्यावर भारा नव्हता. हाक दिली नाही. हातात एकच केरसुणी होती, तोडलेल्या झाडांच्या सुकत चाललेल्या झावळ्यांची, पण तशीच घट्ट बांधलेली.

अव्वा सूप घेऊन बाहेर आली.

"जोंधळं नगं, माय," धुरपामाय म्हणाली. "ह्या पानावर आमचा हक्क न्हाय म्हनं. सरकारचं हाय." मी दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होतो. माझ्याकडं बघून, अजिबात आवाज न चढवता ती म्हणाली, "धाकले मालक, एकच हाय ही. हिच्यावर बी नंबर टाका. म्हंजी चुकायचं न्हाय."

केरसुणी ओट्यावर ठेवून ती गेली. त्याच आठवड्यात ती, लेक आणि सून सोलापूरकडं गेले. तिचं छप्पर पुढं कुणीतरी सरपणाला नेलं.

अव्वानं ओट्यावरची केरसुणी उचलून भरल्या सुपात ठेवली. मग आत जाताना माझ्या जवळून गेली आणि म्हणाली, "मगा, डांबर गेलं न्हवं हाताचं?" मगा म्हणजे कानडीत बाळा. तिनं मला दुसरं काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तीच केरसुणी पुजली. पाडव्याला अंगण जुन्याच केरसुणीनं झाडलं. धुरपामायची केरसुणी तिनं माळ्यावर ठेवली आणि दर दिवाळीला तीच खाली काढून पुजत राहिली. झाडायला कधी घेतली नाही.

आप्पांनी ओढ्याकाठची जमीन नांगरली. ऊस लावला. झिरा होळीलाच आटला. बाया दुपारभर वाळू उकरायच्या, खाली नुसती ओल लागायची. त्या उन्हाळ्यात गावानं तीन कोसांवरून पाणी आणलं आणि प्रत्येक घागरीमागं निजामाला शिव्या दिल्या. मीही दिल्या. मग पाऊस आला तो असा की ओढा दोन्ही काठ सोडून वाहिला. आधीही तो असा वाहायचा, पण बनाच्या मुळांत पाणी अडायचं, फिरायचं, गाळ टाकून जायचं. या वेळी काठ नुसता ढासळत गेला. माझ्या नावचं रान उसासकट गेलं, आणि त्याच्यामागं आमच्या जुन्या शेताचाही मोठा तुकडा गेला. आप्पा पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन बघत उभे होते. ज्या बांधावरून ते एकेक फाळ सरकत आले होते, तो बांधच वाहून गेला होता. त्याच पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं. दत्तू सुटून आला, गावानं त्याची मिरवणूक काढली, आणि त्यानं मला ओढून आपल्या शेजारी बसवलं. गुलाल माझ्याही डोक्यावर पडला.

पुढं गावानं आणि तालुक्यानं मला मान दिला. झाडं तोडणाऱ्यांतला शेवटचा हयात माणूस म्हणून दर सप्टेंबरात शाल मिळते. दत्तू गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात तो मला म्हणाला होता, "त्या म्हातारीला म्या कधीच माफ केलं, सिद्रू. तिचं पोट हुतं त्या झाडांवर." मी त्याच्या उशाशी बसलो होतो. तेव्हाही मी बोललो नाही.

सोलापूरला मुलगा कॉलेजात होता तेव्हा मी एकदा केरसुण्या विकणाऱ्यांच्या गल्लीत गेलो होतो. पदपथावर एक मध्यमवयीन बाई केरसुणी बांधत बसली होती. मुठीचा शेवटचा वेढा ती आतून घेऊन अंगठ्यानं दाबायची, अगदी धुरपामायसारखा. मी तिच्यापुढं उभा राहिलो. ती म्हणाली, "घ्या की दादा, चांगली हाय." मी घेतली, पैसे दिले, आणि तुमचं गाव कोणतं हे न विचारताच परत आलो. ती केरसुणी एसटीत विसरलो. विसरलो असंच आजवर म्हणत आलो आहे. मी ती सीटखाली सोडून उतरलो होतो.

मागच्या वर्षी गावातल्या तरुणांनी एक स्मरणिका काढली. ते माझ्याकडं आले, मोबाईल पुढं धरून त्यांनी माझं बोलणं टिपलं, आणि इतक्या वर्षांची सवय असल्यामुळं मी नेहमीचीच गोष्ट सांगितली. छापून आल्यावर त्यात वाचलं: "एका फितूर स्त्रीने खबर दिल्यामुळे पोलिसांनी धरपकड केली." नाव नव्हतं, पण गावात ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी त्या मुलांना बोलावून सांगितलं की हे वाक्य खोटं आहे, काढा. ते म्हणाले, "आजोबा, प्रती वाटून झाल्या. आणि आता काय फरक पडतो?" ती मुलं चांगली आहेत. ओढ्याकाठी झाडं लावायचा कार्यक्रमही त्यांनीच ठरवला आहे आणि पहिलं रोप माझ्या हातून लावायचं आहे. शिंदीचं रोप मिळेल का, असं मी विचारलं. शिंदी कशाला, त्याचा उपयोग काय, असं ते म्हणाले.

अव्वा गेल्यावर माळ्यावरची ती केरसुणी मी खाली काढली होती. पानांचा भुगा झाला होता, नुसती मूठ शिल्लक होती, काथ्यासारखी कडक. ती माझ्या पेटीत आहे. मला आता फार दिवस नाहीत आणि हात थरथरतो, पण अक्षर अजून वाचता येईल असं आहे. याच हातानं आणि याच अक्षरात मी त्या दुपारी आकडे लिहिले होते. म्हणून त्याच अक्षरात हेही लिहून ठेवतो. ओढ्यावर नंबरची झाडं एकतीस होती. पुढचे सगळे आकडे माझे आहेत. फिर्याद गुत्तेदारानं दिली, धुरपामायनं नाही. आणि तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, त्याचं उत्तर असं आहे: माय, तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. त्या झाडावर नंबर नव्हता.